काडतूस कोणतं, गोळी कोणती?

नोव्हेंबर आला की अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगनकडे रायफलने हरणांची शिकार करायचा हंगाम सुरू होतो. तिकडे नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींच्या कानावर मग एक वाद हमखास पडतो: .३०८ विंचेस्टर चांगलं की ६.५ क्रीडमूर? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे हा वाद परका वाटतो. पण त्यामागचं गणित समजायला सोपं आहे.

आपण बोलताना सरसकट ‘गोळी’ म्हणतो. खरं तर पितळी कवच, आतली दारू, ती पेटवणारी टोपी आणि पुढे बसवलेली गोळी मिळून काडतूस होतं. क्रीडमूर हे नाव त्या अख्ख्या काडतुसाचं. हरणाला लागते ती फक्त गोळी.

विंचेस्टरचं .३०८ हे १९५२ सालचं. त्याची साधारण १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. क्रीडमूर २००७ चं, मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काढलेलं. गोळी ९ ग्रॅमची, वेग ८२० मीटरच्या आसपास. कागदावर .३०८ भारी. पण क्रीडमूरची गोळी बारीक आणि लांबट, त्यामुळे तिचा वेग हवेत सावकाश कमी होतो आणि वाऱ्याने ती कमी सरकते. पाचशे-सहाशे मीटरवर हे स्पष्ट दिसतं. झाडीत शंभर-दीडशे मीटरवर उभ्या हरणासाठी मात्र दोन्ही सारखीच, वाद घालणारे काहीही म्हणोत!

खरा फरक गोळीच्या जातीचा. शिकारीची गोळी आत शिरल्यावर फुलावी अशी बनवतात, म्हणजे जनावर लवकर पडतं. रेंजवरची मॅच गोळी कागदावर पुन्हा पुन्हा एकाच जागी लागावी म्हणून घडवलेली. तिच्याही टोकाला बारीक भोक असतं, पण त्याचा फुलण्याशी संबंध नाही. ती हरणावर चालवली तर कधी न फुलता आरपार जाते, कधी वरच्यावर फुटते. मग जखमी जनावर झाडीत शिरून तडफडत राहतं. दोन्ही खोक्यांवर काडतुसाचं नाव एकच, त्यामुळे खालची बारीक अक्षरं वाचावीच लागतात.

दुसरा मुद्दा खांद्याचा. क्रीडमूरचा धक्का .३०८ पेक्षा कमी, .२४३ विंचेस्टरचा त्याहून कमी. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि नेम जातो. म्हणून नवख्यासाठी माझं मत .२४३ ला. त्याहून लहान .२२३ रेंजवर स्वस्त पडतं, पण हरणासाठी काही राज्यांत चालत नाही. कोलोरॅडोत किमान .२४ इंच व्यासाची अट आहे; .२४३ त्यात जेमतेम बसतं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते साध्या .२२ वर. गोळी अडीच ग्रॅमची, वेग आवाजापेक्षा थोडा कमी, धक्का जवळजवळ नाहीच. हरणावर हे काडतूस चालवणं क्रूरपणा ठरेल. पण ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं, आणि तिथे याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तीही याच .२२ वर.