ययातीकडे एकदा बघून भागत नाही

दिवाळी झाली की साताऱ्या-सांगलीकडच्या शाळांत आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. दुर्बिणीपुढे रांग, प्रत्येकाला अर्धं मिनिट, शनीची कडी दिसली की ‘आई गं!’ आणि मग चहा-बिस्किटं. कार्यक्रमाला माझी हरकत नाही. पण आकाश एकदा पाहिलं की पाहून झालं, अशी समजूत मुलं तिथून घरी घेऊन जातात, तिला आहे. तारे म्हातारे कसे होतात आणि विश्व केवढं आहे, यातलं बरंचसं कळलं ते एकाच ठिपक्याकडे पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांना.

त्यासाठी निवडायचे तारे आपल्या ओळखीच्याच घरातले आहेत. ‘ययाति’ लिहिणारे वि. स. खांडेकर सांगलीचे, जन्म १८९८ चा. त्यांच्या कादंबरीतली तिघंही डिसेंबरात रात्री नवाच्या सुमारास उत्तरेला तोंड केलं की तारकासमूहांच्या रूपात भेटतात. शर्मिष्ठा इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी, म्हणून आधी सापडते. तिच्या वरच्या बाजूला उजवीकडे ययाती, डावीकडे देवयानी.

ययातीत अल्गोल नावाचा तारा आहे. एरवी तो देवयानीतल्या अल्माक या ताऱ्याइतकाच ठळक असतो. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो. सुमारे पाच तासांत त्याचं तेज एक तृतीयांशावर येतं आणि पुढच्या पाच तासांत पूर्ववत होतं. जॉन गुडरिक या इंग्रज मुलानं १७८३ मध्ये हा हिशेब मांडला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि बहिरा. एखादी काळी वस्तू मधूनमधून आड येत असावी, असा त्याचा अंदाज होता. तो बरोबर निघाला. अल्गोल ही ताऱ्यांची जोडी आहे आणि त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड-पुढे होतो.

गंमत पुढे आहे. जड तारा इंधन उधळतो, म्हणून लवकर म्हातारा होतो. हलका तारा पुरवून पुरवून खातो. अल्गोलमध्ये मात्र उलटंच दिसतं. तेजस्वी ताऱ्याचं वजन तीन सूर्यांहून जास्त आणि तो अजून तरुण. जोडीदार सूर्याहूनही हलका, जेमतेम ०.७ सूर्याएवढा, आणि तोच फुगून म्हातारा झालेला. खगोलशास्त्रज्ञ बरीच वर्षं यात अडकले होते. उलगडा असा की आजचा हलका म्हातारा मुळात दोघांतला जड होता. तो आधी फुगला, त्याचा वायू शेजाऱ्यानं ओढून घेतला आणि त्यावर शेजारी बाळसं धरून बसला. तारकासमूहांना ही नावं देणाऱ्याला हे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, तरी ययातीच्या घरात घडावी अशीच ही गोष्ट. फरक एवढाच की ययातीच्या मुलानं, पुरूनं, त्याला आपलं तारुण्य राजीखुशीनं दिलं होतं आणि तेव्हा तो खरोखर तरुण होता.

हे बघायला दुर्बीण लागत नाही. सांगलीतल्या गच्चीवरूनही अल्गोल दिसतो. आठवी-नववीच्या मुलांना महिनाभर वही द्यावी. रोज रात्री एकच नोंद : अल्गोल आज अल्माकइतका की कमी? मंदावण्याची वेळ दर तिसऱ्या दिवशी तीनेक तास अलीकडे सरकते, त्यामुळे कधीतरी ती जेवणाच्या वेळेवर येतेच.

देवयानीतला धुरकट ठिपका बघायचा तर अंधार हवा. सातारकरांनी यवतेश्वरचा घाट चढावा. कासची फुलं संपली की तिकडची गर्दी ओसरते आणि आकाशही तेव्हाच मोकळं होतं. तो ठिपका म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका. ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे, हे ठरलं तेही एका बदलत्या ताऱ्यामुळेच. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलनं फोटोच्या काचेवर एका ठिपक्याला नवतारा म्हणून खूण केली. मग जुन्या काचा काढून ताडून पाहिल्या, तर तो ठिपका आधीही कमी-जास्त होत आलेला. हबलनं ती खूण खोडली आणि शेजारी लिहिलं ‘व्हॅर’, म्हणजे बदलणारा. पुढे उद्गारचिन्ह. त्या जातीचे तारे किती दिवसांत कमी-जास्त होतात यावरून त्यांचं खरं तेज कळतं, आणि तेजावरून अंतर. ही देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळणार हे परवापरवापर्यंत ठरल्यासारखं सांगितलं जायचं. २०२५ च्या नव्या गणितानुसार येत्या १००० कोटी वर्षांत तसं होण्याची शक्यता निम्मीच आहे.

पुन्हा पुन्हा बघण्याचं हे काम आता यंत्रं करतात, आणि त्यातल्या एका मोठ्या यंत्रामागचा माणूस आपल्याच भागात जन्मला. सांगलीहून तासाभराच्या आत कुरुंदवाड लागतं. श्रीनिवास कुलकर्णी तिथले, जन्म १९५६. आपल्याकडे त्यांची ओळख बहुधा सुधा मूर्तींचे धाकटे भाऊ अशी करून दिली जाते. २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, हे त्यानंतर, वेळ उरला तर. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर २०१८ पासून पूर्ण क्षमतेनं चालणारी ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ ही त्यांनी उभी केलेली. तिचा कॅमेरा दर दोन रात्रींत तिथून दिसणारं सगळं उत्तर आकाश टिपतो. संगणक नव्या फोटोतून जुना वजा करतो आणि जे उरतं ते बदललेलं. याच वजाबाकीत २०२० मध्ये गरुड तारकासमूहातला एक तारा दहाएक दिवसांत शंभर पटींहून जास्त उजळलेला सापडला. त्यानं आपलाच एक ग्रह गिळला होता, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. ५०० कोटी वर्षांनी सूर्य फुगेल तेव्हा बुध-शुक्राची गतही बहुधा तीच.

कुलकर्णींच्या गटानं १९९५ मध्ये ‘ग्लीझ २२९ बी’ शोधला. तारा व्हायला लागणारं वजन न भरलेला हा गोळा, म्हणजे तपकिरी बटू, आणि त्याच्या जातीचा निर्विवाद असा पहिलाच. वजनाच्या मानानं तो फारच मंद होता आणि हे कोडं काही सुटत नव्हतं. २०२४ मध्ये जास्त ताकदीच्या दुर्बिणींनी पुन्हा पाहिलं, तेव्हा तो एक नव्हताच. दर बारा दिवसांनी एकमेकांभोवती फेरी मारणारे ते दोघे निघाले.