दत्तक आईबापांचे, धर्म कोणाचा?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावेच्या गावे गाडली. सास्तूरसारख्या गावांत एका रात्रीत मुले पोरकी झाली. समाज मदतीला धावला. पण त्या मुलांना कायद्याने आईबाप मिळवून देण्याची आपली तयारी किती होती?

त्या वेळी दत्तकाचा खरा कायदा एकच होता, १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांनाच लागू. मुसलमान, ख्रिस्ती व पारशी दांपत्यांसाठी १८९०चा पालक व पाल्य कायदा. म्हणजे केवळ पालकत्व. मूल सज्ञान झाले की तेही संपले. नाव नाही, वारसा नाही. हिंदूंची वाट तरी मोकळी होती काय? पदरी मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, ही १९५६ची अट. घरात मुलगा असलेल्या चुलत्याला भूकंपात वाचलेला पुतण्या रीतसर दत्तक घेता आला नसता. वंश चालावा, पिंडदान व्हावे हा जुना हेतू कायद्यात तसाच राहिला. मुलाला घर मिळावे हा हेतू मागे पडला.

सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९७२चे विधेयक मुस्लिम समाजातील विरोधानंतर १९७८मध्ये मागे घेण्यात आले. १९८०च्या विधेयकातून मुस्लिमांना वगळले, तर पारशी समाजातून हरकत आली. या विरोधाला हटवादीपणा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. इस्लाममध्ये अनाथाचा सांभाळ पुण्याचा. पण त्याचे मूळ पितृत्व पुसू नये असा दंडक आहे. त्या श्रद्धेलाही घटनेचे संरक्षण आहे. प्रश्न एवढाच, की एकाच्या श्रद्धेमुळे त्याच धर्मातल्या दुसऱ्याची वाट अडवावी काय?

त्याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. बाल न्याय कायद्याने २०००मध्ये दत्तकाला जागा दिली आणि २००६च्या दुरुस्तीने त्याची व्याख्या केली. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल दिला. दत्तकाला मूलभूत हक्क म्हणण्याचे न्यायालयाने टाळले. पण हा कायदा ऐच्छिक आहे, ज्याला नको त्याने आपला धर्मनियम पाळावा, मात्र ज्याला हवा त्याला तो नियम आड येणार नाही, असे स्पष्ट केले. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. २०१५च्या कायद्याने तर ‘धर्म कोणताही असो’ असे शब्दच घातले, नात्यातल्या दत्तकालाही ते लागू केले, आणि वारसाहक्कासह मूल सर्व अर्थांनी दत्तक आईबापांचे ठरवले.

धर्मस्वातंत्र्याचा दावा संस्थाही करतात. एकट्या व घटस्फोटित व्यक्तींना मूल देण्याची नियमावली न पटल्याने मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५मध्ये दत्तकाचे काम थांबवले. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने समलिंगी जोडप्यांना नाकारणाऱ्या कॅथॉलिक संस्थेशी करार थांबवला, तेव्हा २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. न पटणारे काम सोडण्याची मुभा संस्थेला असावीच. पण सरकारी मान्यता घेऊन काम करायचे, तर दार सर्वांना सारखे उघडे हवे.

या साऱ्या वादात मुलाचा धर्म कोणी विचारत नाही. टाकून दिलेले, आईबाप अज्ञात असलेले मूल हिंदू म्हणून वाढवले तर ते हिंदू, असे १९६२पासून कायदा सांगतो. तान्ह्या बाळाबाबत हे समजण्यासारखे आहे. पण भूकंपातून वाचलेल्या आठ वर्षांच्या पोराला नाव असते, सण असतात, घरातली प्रार्थना पाठ असते. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेला बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार नेमके हेच सांगतो: मुलाची धार्मिक, सांस्कृतिक, भाषिक पार्श्वभूमी ध्यानात घ्या. २०१५चा कायदाही दत्तकाचा आदेश देताना मुलाच्या इच्छेचा, त्याच्या वयाप्रमाणे, विचार करायला सांगतो. हा आदेश देण्याचा अधिकार २०२१च्या दुरुस्तीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवला. हा प्रश्न ते मुलाला खरोखर विचारतील, की रकाना भरून पुढे जातील?

तात्पुरत्या संगोपनात तर ही काळजी दुप्पट हवी. ते मूल उद्या आपल्या घरी परतायचे असते. परतताना त्याचे नाव आणि देव बदललेले असतील, तर आपण सांभाळ केला असे म्हणता येणार नाही. वेगळ्या धर्माच्या कुटुंबात मूल देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. प्रेमळ घर मिळत असताना मुलाला आश्रमात ठेवणे हा अन्यायच. पण घर देताना त्याचे जुने जग हिसकावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. दत्तक घेणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि संस्थेचे स्वातंत्र्य यांची बाजू मांडायला वकील मिळतात. ज्याला वकील मिळत नाही, त्या मुलाचे स्वातंत्र्य आधी जपले पाहिजे.