मूळ यादी जशीच्या तशी राहू द्या

परीक्षेच्या निकालाचा एक साधा प्रोग्राम घेऊ. एका ॲरेमध्ये, म्हणजे क्रमाने मांडलेल्या यादीत, विद्यार्थ्यांची नावे आहेत. दुसऱ्यात त्याच क्रमाने गुण. पहिले तीन क्रमांक काढण्यासाठी कुणी गुणांच्या यादीवर जावास्क्रिप्टचे ‘सॉर्ट’ चालवले. तीन आकडे बरोबर मिळाले. पण मूळ यादीचाच क्रम बदलला, आणि गुणपत्रिका छापणारा भाग अजून जुन्या क्रमावर विसंबून आहे. आता एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर छापले जातील. एरर येणार नाही, प्रोग्राम अडणार नाही. चूक जिथे झाली तिथे ती दिसत नाही आणि जिथे दिसते तिथला कोड निर्दोष असतो; ती शोधणे म्हणूनच इतके जिकिरीचे. नवशिक्यांना पहिल्यापासूनच मूळ यादी न बदलता नवी यादी बनवायला शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दोष एकट्या शिकणाऱ्याचा नाही. १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्टमध्ये ‘सॉर्ट’ आणि ‘रिव्हर्स’ मूळ यादी बदलतात आणि वर तीच उत्तर म्हणून परत देतात. ते उत्तर नव्या नावाने ठेवले की दोन याद्या झाल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात एकाच यादीला दोन नावे मिळालेली असतात. ‘कॉन्स्ट’ लिहूनही उपयोग नाही, कारण त्याने नाव पक्के होते, यादीतला मजकूर नाही. पायथनने इथे शहाणपणा दाखवला: तिथे यादीचे ‘सॉर्ट’ मुद्दामच यादी परत देत नाही, आणि नवी यादी हवी असेल तर ‘सॉर्टेड’ हे वेगळे फंक्शन आहे. जावास्क्रिप्टमध्ये अशी नवी यादी देणारी ‘टू-सॉर्टेड’, ‘टू-रिव्हर्स्ड’, ‘टू-स्प्लाइस्ड’ आणि ‘विथ’ प्रमाणकात यायला २०२३ उजाडले. सातबाऱ्यावर फेरफार झाला तरी जुन्या नावाची नोंद राहते, म्हणून हक्क कुणाकडून कुणाकडे गेला हे तपासता येते. प्रोग्राममध्येही जुनी यादी शाबूत असेल तरच काय बदलले ते ताडून पाहता येते. वेबपाने बनवण्याची रिॲक्ट ही लायब्ररी तर यादी नवी आहे का एवढेच पाहते. जुन्याच यादीत फेरबदल करून ती पुन्हा दिली, तर बदल पडद्यावर उमटेलच याची खात्री नसते.

प्रती काढल्याने मेमरी वाया जाते, हा आक्षेप रास्त आहे, पण हिशेब करून पाहावा. दहा लाख नोंदींच्या यादीची प्रत काढताना नोंदी नव्हे, त्यांचे पत्ते उतरवले जातात. पत्त्याला ८ बाइट धरले तर साधारण ८ मेगाबाइट. एका वेळेला हा खर्च किरकोळ आहे. लूपच्या प्रत्येक फेरीत अख्खी प्रत काढली तर मात्र प्रोग्राम रखडतो. तिथे फंक्शनने स्वतःच तयार केलेली, इतर कुणाच्या हाती नसलेली यादी खुशाल बदलावी. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: पत्तेच उतरवल्यामुळे यादी नवी होते, नोंदी जुन्याच राहतात, आणि प्रतीतल्या नोंदीचे गुण बदलले की मूळ यादीतही बदलतात. हे खरेच आहे, आणि म्हणून जी नोंद बदलायची तीही नव्याने बनवावी लागते. शिकवताना हे लपवू नये. धड्यात ‘सॉर्ट’च्या आधी ‘टू-सॉर्टेड’ यावे. जुन्या ब्राउझरमध्ये ते नसेल तर ‘स्लाइस’ने प्रत घेऊन त्या प्रतीवर ‘सॉर्ट’ चालवावे.