हुकूम पुष्कळ, हिशेब कोठे?

रिसोड तालुक्यात करडा येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. सोयाबीनच्या किंवा तुरीच्या एखाद्या नव्या वाणाची शिफारस आमच्या शेतकऱ्यांस व्हावयाची असली, तर ती कोणा अधिकाऱ्याच्या मनात आले म्हणून होत नाही. कृषि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तो वाण अनेक हंगाम पेरतात, शेजारच्या वाफ्यात जुना वाण लावतात, दोहोंचे उत्पन्न तोलून पाहतात, आणि नवा खरोखर सरस ठरला तरच तो गावात येतो. एवढी परीक्षा होऊनही जाणता शेतकरी पहिल्या वर्षी चार तासांतच तो पेरून पाहतो. बियाण्याच्या एका पिशवीसाठी जी खबरदारी आम्ही घेतो, ती आमच्या मुलांच्या विद्येसाठी घेत नाही, हे कोणाही विचारी मनुष्यास लज्जास्पद वाटावयास पाहिजे. शेतकऱ्याचे पीक एका वर्षी बुडाले तर पुढच्या मृगाची आशा असते. मुलाचे तिसरे वर्ग वाचनावाचून गेले, तर ते वर्ष त्यास पुन्हा कोणी आणून देत नाही.

आजवर शाळांसाठी हुकूम थोडे निघाले असे नाही. नवी पद्धत, नवे अभियान, नवे नाव, नवी नोंदवही, असा क्रम दर दोन-तीन वर्षांनी चालूच असतो. जुने का बंद केले आणि नवे कशाच्या आधारावर सुरू केले, याचा हिशेब मात्र पालकांस मिळत नाही, शिक्षकांस मिळत नाही, आणि पुष्कळ वेळा हुकूम काढणारांजवळही तो नसतो.

वाशिम जिल्ह्यास हा प्रश्न विशेष लागू आहे. इंग्रजी अमदानीत स्वतंत्र असलेला हा जिल्हा १९०५ साली मोडून त्याचा बहुतेक भाग अकोल्यास जोडला गेला. १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा निराळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्या सुमारे १२ लक्ष, आणि शेकडा ८३ लोक साक्षर गणले गेले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी ‘आकांक्षित जिल्हे’ या नावाची योजना सुरू केली; तीत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व धाराशिव यांच्या जोडीस वाशिमची निवड झाली. या योजनेच्या गुणांकनात शिक्षणास शेकडा ३० भार दिलेला आहे. जिल्ह्याची प्रगती मोजावयाची आणि ती लोकांपुढे मांडावयाची, हे तिचे तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे.

परंतु मोजावयाचे काय, हा खरा प्रश्न होय. मुलींसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वीज, पुस्तके वेळेवर पोचणे, शिक्षकांचे पटाशी प्रमाण, ही सर्व त्या योजनेची निदर्शके आहेत, आणि ती आवश्यकही आहेत. मुलींच्या शाळेत स्वच्छतागृह नसेल तर सातवीनंतर मुलगी घरी बसते, हे सांगावयास पंडित नको. तथापि या गोष्टी महिन्याच्या महिन्याला कागदावर भरता येतात. मुलास वाचता येते की नाही ही गोष्ट तशी भरता येत नाही. निदर्शकांत विद्याप्राप्तीचा समावेश आहे खरा, पण जे सहज मोजता येते त्याच्यामागे यंत्रणा धावते, आणि जे कष्टाने मोजावे लागते ते मागे पडते, हा मनुष्यस्वभाव आहे.

आणि जे मागे पडते त्याची स्थिती काय आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन होणारी ‘असर’ पाहणी वाचकांस ठाऊक असेलच. दुसरीच्या पुस्तकातील सोपा उतारा मुलापुढे ठेवावयाचा आणि ‘वाच’ म्हणावयाचे, अशी तिची वाचनाची परीक्षा. देशातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी २०१८ मध्ये सुमारे २७, करोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये सुमारे २०, आणि २०२४ मध्ये पुन्हा सुमारे २७ मुलांस तो वाचता आला. महाराष्ट्रात हाच आकडा २०१८ मध्ये सुमारे ४२ होता, तो २०२२ मध्ये सुमारे २७ वर उतरला. तिसरीतील बहुसंख्य मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाहीत आणि तरीही पुढच्या वर्षी चौथीत जाऊन बसतात! ‘पुढे पाठ, मागे सपाट’ ही म्हण आमच्या पूर्वजांनी आळशी विद्यार्थ्यासाठी केली होती. आज ती सबंध शिक्षणव्यवस्थेस लागू पडते.

यावर उपाय माहीत नाहीत असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. त्यांतील एक तर महाराष्ट्राच्याच भूमीत तपासला गेला. १९९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने तेथील पालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतीलच थोडीफार शिकलेली तरुणी, मागे पडलेली पंधरा-वीस मुले, रोजचे सुमारे दोन तास, आणि अक्षरओळख व हिशेब हाच विषय. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदि अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगाची परीक्षा केली. काही शाळांस बालसखी एका इयत्तेसाठी दिली, काहींस दुसऱ्या इयत्तेसाठी. कोणास काय मिळावे हे चिठ्ठीने ठरले, म्हणजे ‘चांगल्याच शाळा निवडल्या’ असे म्हणावयास जागा उरली नाही. बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि जी मुले सर्वांत मागे होती त्यांस सर्वाधिक लाभ झाला. मुलास त्याच्या वयाप्रमाणे नव्हे, तर त्याच्या येण्याप्रमाणे शिकवावे, हा त्यातील बोध. बॅनर्जी व डुफ्लो यांस मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात अशा प्रयोगांचा मोठा वाटा आहे. याच क्रेमर यांनी सहकाऱ्यांसह केनियात पाहिले की फुकट पाठ्यपुस्तके वाटल्याने आधीच पुढे असलेल्या मुलांचेच गुण वाढले. इतरांस ते पुस्तक वाचताच येत नव्हते. पुस्तक पोचले म्हणजे विद्या पोचली असे नव्हे.

परंतु चांगली पद्धतही नुसत्या फर्मानाने रुजत नाही. बिहारात शिक्षकांस प्रशिक्षण व साहित्य दिले, तेवढ्याने शाळेच्या वेळेत फारसे काही साधले नाही. पुढे हरियाणात वेळापत्रकातला रोजचा एक तास यासाठीच राखून ठेवला, मुलांचे इयत्तेवार नव्हे तर पातळीवार गट केले, आणि शिक्षकांवर देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांस शिकवून पाहिले. तेव्हा मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली. पद्धत तीच, फरक अंमलाचा!

याच्या उलट मासला मध्य प्रदेशात पाहावयास मिळतो. तेथे शाळांची तपासणी करून, श्रेणी देऊन, प्रत्येकीने आपल्या सुधारणेचा आराखडा लिहावा अशी योजना निघाली. तपासण्या झाल्या, आराखडेही लिहिले गेले. कार्तिक मुरलीधरन व अभिजीत सिंग यांनी तिची काटेकोर परीक्षा केली, तेव्हा शिक्षकांच्या हजेरीत, शाळेच्या चालण्यात, मुलांच्या विद्येत काहीच फरक आढळला नाही. असे असता ती योजना यशस्वी समजली गेली आणि तिच्या धर्तीवर देशातील सहा लाखांहून अधिक शाळांत विस्तार झाला. आमच्या शाळांनीही ‘शाळासिद्धी’ची ४६ मानके भरली आहेत. ज्या शिक्षकाने ती रात्र जागून भरली, त्याचा यात काय दोष? दोष आहे तो आराखडा लिहिला म्हणजे सुधारणा झाली असे मानणाऱ्या समजुतीचा.

मग वाशिमात काय करावयास पाहिजे? पहिली गोष्ट ही की, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेस तिचे मूळ काम परत द्यावे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या संस्था निर्माण झाल्या, त्या केवळ वरून आलेली प्रशिक्षणे खाली पोचविण्यासाठी नव्हेत. जिल्ह्याच्या प्रश्नांचे संशोधन जिल्ह्यातच व्हावे हाही त्यांचा हेतु होता. सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रयोगासाठी अगदी योग्य आकाराचा आहे. यंदा निम्म्या केंद्रांत एक पद्धत चिठ्ठी टाकून सुरू करावी, उरलेल्यांत पुढील वर्षी. आणि मधल्या वर्षात दोहोंची तुलना करून निकाल प्रसिद्ध करावा. यास फार खर्च लागत नाही. प्रामाणिकपणा मात्र लागतो.

दुसरी गोष्ट रोजच्या एका तासाची. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात, आणि तेच सर्व इयत्ता सांभाळतात. अशा शाळेत इयत्तांच्या भिंती आधीच मोडलेल्या असतात. तेथे एक तास पातळीवार गट करणे म्हणजे नवा बोजा नव्हे, तर असलेल्या अडचणीचा सदुपयोग होय. त्यासाठी केंद्रप्रमुखाने कागद गोळा करणारा कारकून न राहता शिक्षकांचा शिक्षक व्हावयास पाहिजे. १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे याच कामासाठी निर्माण झाली होती.

तिसरी गोष्ट तांड्यांची. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे क्षेत्र, आणि जिल्ह्यात तांडे जागोजाग आहेत. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते आणि सहाव्या वर्षी एकाएकी पुस्तकी मराठीपुढे येऊन बसते. बालकाचे पहिले शिक्षण घरच्या भाषेत व्हावे हे मत युनेस्कोने १९५३ मध्येच मांडले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही ते स्वीकारले आहे. पहिली-दुसरीस गोरबोली जाणणारा शिक्षक दिल्याने वाचन किती लवकर येते, हे याच जिल्ह्यात तपासून पाहणे शक्य आहे. तसेच दिवाळीनंतर ऊसतोडीस किंवा वीटभट्टीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामी वसतिगृहात राहिली तर त्यांचे शिक्षण किती टिकते, याचाही हिशेब ठेवावा. नुसता ताटांचा हिशेब पुरेसा नाही.

चौथी गोष्ट खऱ्या मापाची. शिक्षकाने आपल्याच वर्गाची परीक्षा घ्यावी, तिच्यावर त्याची अब्रू अवलंबून असावी, आणि आकडा मात्र खरा यावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून शेजारच्या केंद्रातील शिक्षकांनी परीक्षा घ्यावी, निकाल वाईट आला म्हणून कोणास शिक्षा नसावी, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे व ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे कायदाच सांगतो. मग त्यांच्याच मुलांची प्रगती त्यांच्यापासून लपवावी कशासाठी?

यावर दोन आक्षेप येतील हे आम्ही जाणून आहो. पहिला असा की, मुलांवर प्रयोग करणे अनुचित आहे. आमचे उत्तर इतकेच की, प्रयोग आजही चालूच आहेत; फरक एवढाच की ते सर्व मुलांवर एकदम होतात आणि त्यांचा निकाल कोणी पाहत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. आमच्यावर आधीच माहिती भरण्याचा भार आहे, त्यात हे संशोधन कशास, असे ते विचारतील. हे गाऱ्हाणे खरे आहे. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज इतर कामास शिक्षकास जुंपू नये असे कायद्याचे २७ वे कलम स्पष्ट सांगते. म्हणून आमची सूचना अशी की, नवी एक नोंद मागावयाची असेल तर जुन्या दोन बंद कराव्या. आणि प्रत्येक नव्या हुकुमातच त्याची मुदत लिहावी. मुदतीअखेर उपयोग सिद्ध झाला नाही, तर तो हुकूम आपोआप गळून पडावा.

नामदार गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, त्या वेळी मुलास शाळा मिळावी हाच झगडा होता. १ एप्रिल २०१० पासून शाळा हा मुलाचा कायदेशीर हक्क झाला. परंतु शाळा मिळाली म्हणून विद्या मिळाली असे होत नाही. तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे यासाठी ‘निपुण भारत’ने २०२६-२७ ही मुदत स्वतः घालून घेतली आहे. मुदती घालणे सोपे, त्या पाळल्या गेल्या की नाही हे विचारणे लोकांचे काम. जिल्हा परिषदेच्या सभासदांस आमची विनंति आहे की, पुढील सभेत इमारतींच्या व दुरुस्त्यांच्या यादीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: आमच्या गटातील तिसरीच्या किती मुलांस वाचता येते, आणि गेल्या वर्षी किती जणांस येत होते? या प्रश्नास खरे उत्तर देता येईल अशी व्यवस्था ज्या दिवशी जिल्ह्यात उभी राहील, त्या दिवसापासून येथील धोरणास अनुभवाचा पाया लाभला असे आम्ही समजू.