काचेचे खरे वैर साचलेल्या पाण्याशी

मराठवाड्यातील जिल्ह्याच्या गावांचे रूप गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने पालटले. काळा दगड आणि चुना यांची जागा आधी विटा-सिमेंटने घेतली. आता दर्शनी भागावर काच चढू लागली आहे. धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) याला अपवाद नाही. बँकांच्या शाखा, खासगी रुग्णालये, कापडाची मोठी दुकाने यांनी काचेची हौस पुरवून घेतली आहेच. तुळजापूरच्या मंदिर परिसराचा विकास आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा रेल्वेमार्ग यांसारख्या मोठ्या कामांतही ती मागितली जाईल, असे धरून चालायला हरकत नाही. चाळीस अंशांच्या वर पारा जाणाऱ्या मुलखात काचेच्या भिंती उभारणे कितपत शहाणपणाचे, हा वाद वेगळा आहे आणि तो व्हायला हवा. परंतु काच बसवायचीच असे एकदा ठरल्यावर, ती या जिल्ह्याच्या पाण्याशी, सिमेंटशी आणि सफाई कामगाराच्या हातातील बाटलीशी कसा व्यवहार करील, हा प्रश्न कोणी विचारतो काय? निविदेत काचेची जाडी असते, रंग असतो, वाऱ्याचा दाब असतो. रसायनाचा उल्लेख बहुधा नसतो.

सार्वजनिक इमारतींत छतासाठी, जिन्याच्या कठड्यासाठी आणि उंचावरील तावदानांसाठी लॅमिनेटेड काच सुचवली जाते, ती योग्य कारणासाठी. दोन तावदानांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा उष्णता व दाब देऊन चिकटवलेला असतो. काच फुटली तरी तिचे तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात, खाली माणसांच्या डोक्यावर पडत नाहीत. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर सुकून राहिला होता. त्यावरून ही कल्पना त्याला सुचली आणि १९०९ साली त्याने तिचे पेटंट घेतले. मात्र त्या जुन्या थराला ऊन सोसेना. मोटारींच्या समोरच्या काचा पिवळ्या पडत गेल्या, आणि १९३० नंतरच्या दशकात पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे व्यवहारातले पीव्हीबी, पुढे येईपर्यंत हे दुखणे पुरते हटले नाही. लॅमिनेटेड काच काचेमुळे नव्हे तर मधल्या थरामुळे नासते, हे त्या पिवळ्या काचांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

सामान्य समजूत अशी की, काचेचा शत्रू म्हणजे ॲसिड. प्रत्यक्षात प्रयोगशाळेतील बहुतेक आम्ले काचेच्याच बाटलीत सुखाने नांदतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा अपवाद ठळक आहे. ते काच खाते, आणि गंज वा ॲल्युमिनियम उजळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांत ते किंवा त्याचे भाऊबंद असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. फरशीवरचे सिमेंट काढण्यासाठी वापरतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र उघड्या काचेचे फारसे बिघडवत नाही. त्याची खोडी चौकटीत आहे. ते ओघळून ॲल्युमिनियमच्या खाचेत उतरते, धातू खाते, काचेवरचा आरसेवजा मुलामा असेल तर त्यालाही डसते. तावदान चकचकीत दिसते आणि त्याला धरून ठेवणारे घर पोखरते.

काचेला खरोखर बाधते ते अल्कली, आणि साचून राहिलेले साधे पाणी. खिडकीच्या काचेत सुमारे बहात्तर टक्के सिलिका असते. उरलेल्यात सोडा आणि चुना प्रमुख. पाणी पृष्ठभागावर थांबले की त्यातील हायड्रोजन काचेत शिरतो आणि सोडियम बाहेर येतो. पाणी वाहते असेल तर हा सोडियम धुऊन जातो आणि कथा तेथेच संपते. पाणी तेथेच राहिले तर ते दिवसेंदिवस अल्कधर्मी होत जाते, आणि ठरावीक तीव्रता ओलांडली की सिलिकाची वीणच उसवू लागते. काचेने स्वतःच्या अंगातून काढलेल्या क्षाराने स्वतःचेच अंग खावे, असा हा विचित्र प्रकार आहे. गोदामात एकावर एक टेकून ठेवलेल्या काचा पावसाळ्यात ओल धरून कायमच्या धुरकट होतात त्या याच कारणाने. म्हणून कारखानदार दोन तावदानांत सौम्य आम्ल मिसळलेली भुकटी टाकतात. कंत्राटदार ती काच उन्हापावसात आडवी टाकून ठेवतो आणि भुकटीचे मोल मातीत घालवतो.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना यात नवे काही नाही. या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा व्यापारी केंद्र म्हणून उल्लेख आहे ते हेच नगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आणि उत्खननांच्या अहवालांत इतर वस्तूंबरोबर काचेचे मणीही भेटतात. जमिनीत शतकानुशतके पडून राहिलेली प्राचीन काच कधी जशीच्या तशी निघते, कधी तिच्यावर पांढुरके, इंद्रधनुषी पापुद्रे सुटलेले असतात. फरक पडतो तो काचेच्या घटकांमुळे आणि मातीतल्या ओलाव्यामुळे. धाराशिवच्या मातीत काच दोन हजार वर्षे टिकू शकते. पण तेथील मण्यांच्या पोटात प्लॅस्टिकचा थर नव्हता आणि त्यांच्यावर कोणी बोअरचे पाणी मारत नव्हते.

बोअरच्या पाण्याकडे म्हणूनच जरा थांबून पाहिले पाहिजे. दख्खनच्या बेसाल्टातून मुरलेले पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन येते. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत भांड्यावर, नळावर, गिझरच्या कांडीवर पांढरा थर बसतो तो याचाच. असे जड पाणी उन्हात तापलेल्या तावदानावर मारले आणि वाळू दिले, की थेंबाथेंबाची कडी उमटतात. आरंभी ती नुसता चुना असतात आणि सौम्य व्हिनेगरने निघतात. वर्ष-दोन वर्षे तशीच राहिली, की काचेतून सुटलेली सिलिका त्यांत गुंतते; मग घासणाऱ्याचे हात दुखतात, डाग जात नाही. बांधकाम चालू असताना वरच्या मजल्यावरून ओघळणारे सिमेंटचे पाणी तर याहून कितीतरी जहाल अल्कली असते. ते आठवडाभर वाळून राहिलेली काच उद्घाटनापूर्वीच म्हातारी झालेली असते, आणि मग तारेच्या घासणीने तिच्यावर ओरखडे काढून तिचे उरलेसुरले तेज घालवले जाते.

आता लॅमिनेटेड काचेचे विशेष दुखणे. तिचे दोन्ही चेहरे काचेचे, पण चारही कडांना मधला थर उघडा असतो. पीव्हीबी हा पाणी पिणारा पदार्थ आहे. चौकटीच्या तळाशी निचऱ्याची भोके नसली किंवा धुळीने बुजली, तर कड महिनोन्‌महिने पाण्यात बसते. थर दुधाळ होतो, त्याची पकड सुटते आणि कडेकडेने फुगे दिसू लागतात. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनीही तो नासतो, आणि रंगाऱ्याच्या फडक्यात यांपैकी काही ना काही असतेच. सर्वांत चोरटा शत्रू म्हणजे सांधा भरण्याचे स्वस्त सिलिकॉन. सुकताना ज्याला व्हिनेगरचा वास येतो, ते ॲसिटिक आम्ल सोडत असते आणि नेमके कडेवरच सोडत असते. वास न येणारे, तटस्थ पद्धतीने सुकणारे सिलिकॉन बाजारात मिळते. ते महाग आहे, इतकाच त्याचा दोष.

बहुतेक वेळा कडेचा हा बिघाड कडेपुरताच राहतो आणि केवळ डोळ्यांना खुपतो, हे मान्य करावे लागेल. पण मंदिरातील रांगेचा कठडा किंवा रुग्णालयाच्या प्रवेशावरचे काचेचे छत येथे ही सबब पुरत नाही. कठड्याच्या काचेची वरची कड अनेकदा उघडीच असते. तिच्यावर तेलाचे, हळदीकुंकवाचे, नारळाच्या पाण्याचे हात पडतात आणि रोज ओल्या फडक्याने ती पुसली जाते. ज्या थराच्या भरवशावर भाविक त्या काचेवर रेलतात, त्या थराची पकड कडेपासून आत सुटत चालली असेल, तर सुरक्षित काच हे नावच फसवे ठरते.

मानके नाहीत असे नाही. भारतीय मानक २५५३ सुरक्षा काचेची व्याख्या करते, १६२३१ ही इमारतींतील काचेची संहिता आहे. लॅमिनेटेड काचेच्या १२५४३ या आंतरराष्ट्रीय मानकात टिकाऊपणासाठी उष्णता, आर्द्रता व किरणोत्सर्ग अशा तीन चाचण्या आहेत. सिमेंटचे पाणी, सफाईचे द्रावण, सिलिकॉनचे आम्ल या तिहींत येत नाहीत. प्रमाणपत्र जोडले म्हणजे काम भागले, असे मानणारा अभियंता म्हणूनच अर्धवट सुरक्षित आहे.

उपाय खर्चिक नाहीत, आणि त्यातला एक तर आकाशातून पडतो. पावसाचे पाणी मऊ असते. त्यात चुना नसतो. छतावरचे पाणी साठवण्याचा आग्रह या दुष्काळी जिल्ह्यात धरला जातोच. त्यातले थोडे स्वतंत्र टाकीत काचांसाठी राखून ठेवावे. सकाळी ऊन चढण्याच्या आधी, थोड्या सौम्य साबणासह, रबरी पट्टीने पुसून घेतले तर बादलीभर पाण्यात बरीच तावदाने होतात आणि टँकरच्या दिवसांत काचेसाठी पाणी उधळल्याचा ठपकाही येत नाही. उरलेल्या अटी निविदेत लिहिण्याच्या आहेत: काच बांधकाम संपत आल्यावरच आणावी, आणल्यावर कोरड्या जागी उभी ठेवावी, सांध्याला तटस्थ सिलिकॉन वापरावे, प्रत्येक चौकटीला निचरा असावा, उघड्या कडेच्या कठड्यासाठी पीव्हीबीऐवजी ओलाव्याला अधिक टिकणारा आयोनोप्लास्ट थर मागावा, आणि कंत्राटदाराची अनामत किमान दोन पावसाळे गेल्यावर, कडा तपासूनच मोकळी करावी. ही शेवटची अट सर्वांना नकोशी होईल. सफाईची कामे ज्या वार्षिक ठेक्याने दिली जातात त्या ठेक्याच्या कागदावर द्रावणाचे नाव आजवर कोणी लिहीत नाही. किलो-लिटरचा दर तेवढा असतो, आणि ठेकेदार बाजारात सर्वांत स्वस्त जे मिळेल त्याचे पिंप आणून ठेवतो.