आधी कुलूप, मग वेग



दाखल्यांचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयाबाहेर रांग लागते, आणि आतला संगणक आपल्याच चालीने चालतो. ‘नवा घ्या’ असे सहज सुचवले जाते. माझे मत वेगळे आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टमधून परदेशातले वापरलेले संगणक गोव्यातील शाळांत आले आणि लिनक्सवर चालले. जुने यंत्र म्हणजे भंगार नव्हे.

संथपणाचे कारण बहुधा हार्ड डिस्क असते. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती समोर येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे हा विलंब नाममात्र राहतो. लिनक्समध्ये २०१३ पासून बी-कॅश नावाची सोय आहे. छोटी एसएसडी जुन्या डिस्कला जोडायची. वारंवार लागणारी माहिती तिच्यात राहते.

पण त्या डिस्कवर आपल्या मुलांचे पत्ते, गुण, आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीची बँक खाती आहेत. म्हणून ती लक्स पद्धतीने कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असायला हवी. येथे क्रम महत्त्वाचा आहे. हार्ड डिस्क हे दप्तराचे कपाट आणि एसएसडी हे कारकुनाचे टेबल समजा. कुलूप फक्त कपाटाला लावले, तर टेबलावरचे कागद उघडेच राहतील. एसएसडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीला दिली, तर कुणीही ते वाचील. म्हणून आधी दोन्ही डिस्क बी-कॅशने जोडाव्यात आणि त्यांच्या वर लक्सचे कुलूप लावावे. मग एसएसडीतही सांकेतिक मजकूरच जातो, आणि पासवर्ड एकच पुरतो.

आणखी तीन गोष्टी सांगतो. या मांडणीत डिस्क नव्याने तयार करावी लागते. म्हणून आधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. दुसरे, ‘राइटबॅक’ पद्धत वेगवान असली तरी एसएसडी अचानक बिघडली तर ताजी नोंद गमावते. ‘राइटथ्रू’मध्ये प्रत्येक नोंद हार्ड डिस्कवरही लगेच जाते. शाळेला तीच योग्य. तिसरे, पासवर्ड हरवला तर हे कुलूप कोणी कारागीर उघडू शकत नाही. तो बंद पाकिटात विश्वस्तांकडे असावा.

नवीन संगणक घेताना पूर्ण एसएसडीच घ्यावी, त्यात वाद नाही. जुन्यासाठी मात्र एवढा अल्प खर्च मंजूर व्हावा, ही माझी विनंती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीची विशेष काळजी सांगितली आहे. कायदा नसता तरी पालकांनी विश्वासाने लिहून दिलेला अर्ज सांभाळणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. दाखला दहा मिनिटे उशिरा मिळाला तर चालेल. मुलाची माहिती परक्या हाती गेली तर ती परत आणता येत नाही.

— मुख्याध्यापक