गुलाम रोबोट आणि आमची मुले

मागच्या वर्षावासात मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे असलेल्या एका वस्तीवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या वाचनाला आम्ही गेलो होतो. विहारात आजोबा होते, पांढऱ्या साड्यांतल्या उपासिका होत्या, पण मूल एकही नव्हते. वाचन संपले, सरणत्तय झाले, चहा आला. तेव्हा एक आजोबा म्हणाले, "पोरं काय येत न्हाईत बघा साहेब. त्या जपानी मांजराच्या नादी लागल्यात."

बाहेर आलो तर शेजारच्या ओट्यावर पाचसहा मुले एका मोबाईलवर डोकी टेकवून बसलेली. आता हे पाहुणे रागावणार, असेच त्यांना वाटले असावे, कारण मोबाईल झटकन पाठीमागे गेला. आम्ही रागावलो नाही. त्यांच्यात बसलो आणि म्हणालो, लावा पुन्हा.

जपानी मांजर म्हणजे डोरेमॉन. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांनी 1970च्या सुमारास मुलांच्या मासिकांसाठी ते निर्माण केले. 1979 पासून ते जपानच्या टीव्हीवर रोज दिसू लागले आणि 1980 पासून, एखाददुसरे वर्ष वगळता, त्याचा मोठा चित्रपटही दरवर्षी येतो. आपल्याकडे 2005 पासून ते हिंदी बोलू लागले. याच्या जोडीचा शिनचॅन 2008 मध्ये केंद्र सरकारने बंद केला होता, पुढे काटछाट करून तो परत आला. त्या बंदीचे आमच्याही काही कार्यकर्त्यांनी स्वागत केले होते. मुले काय बघतात हे न बघताच, हे सांगायला हवे.

ओट्यावर चालला होता तो 'नोबिता अँड द स्टील ट्रूप्स'. मूळ चित्रपट 1986चा, 2011 मध्ये तो नव्याने केला गेला. आम्हाला काही कळेना. तेव्हा दहाएक वर्षांच्या एका मुलीने मध्ये मध्ये थांबवून सगळे समजावून दिले. मेकाटोपिया नावाचा एक ग्रह आहे. तिथे माणूस नाही, सगळे रोबोट. माणसांच्या स्वभावाला कंटाळलेल्या एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी तिथे जाऊन दोन रोबोट घडवले होते, त्यांचीच ही सारी पुढची वस्ती. पण या रोबोटांतही सरदार झाले आणि गुलाम झाले. पुढे समतेची मागणी उठली, गुलामगिरी बंद झाली, सगळे रोबोट समान ठरले. मग प्रश्न आला, आता काम कोण करणार? उत्तर निघाले, पृथ्वीवरची माणसे धरून आणू. त्यासाठी हेरगिरीला आलेली रिरुरु ही रोबोट मुलगी जखमी होते. नोबिताची मैत्रीण शिझुका तिची सेवा करते, तेव्हा रिरुरु मोठ्या अभिमानाने तिला आपला हा इतिहास ऐकवते. शिझुका म्हणते, हा तर अगदी आम्हा माणसांचाच इतिहास झाला. रिरुरुला त्याचा फार राग येतो.

आम्ही त्या मुलीकडे बघत राहिलो. जी गोष्ट आम्ही पंचवीस वर्षे व्याख्यानांतून सांगतो आणि पुढच्या रांगेतले लोक जांभया देतात, ती तिने ओट्यावर बसून दहा मिनिटांत सांगितली होती.

वर असलेल्याने बरोबरी मान्य केली तरी त्याची कामे करायला त्याला खाली कोणीतरी लागतोच. आणि जो स्वतः सुटला, त्यालाही आपल्या खाली कोणी असले तर बरे वाटते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये लाहोरच्या न झालेल्या भाषणात जातीची चिरफाड केली ती इथेच. काम वाटले गेले एवढेच त्यांनी म्हटले नाही. काम करणारी माणसेच कप्प्यांत टाकली गेली, तीही एकावर एक, हे त्यांनी दाखवले. मेकाटोपियाची भानगड तीच आहे. 1950 मध्ये संविधानाने समता दिली, अस्पृश्यता संपवली. पण झाडू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, हे बघायला मुळशीकरांना परग्रहावर जायला नको. हिंजवडी याच तालुक्यात आहे. ही गोष्ट सांगणाऱ्या मुलीची आई पहाटे पाचला उठते, डबा करते, टमटममधून हिंजवडीकडच्या एका सोसायटीत धुणीभांडी करायला जाते. त्या सोसायटीत कामवाल्या बायांची लिफ्ट वेगळी आहे. कोणी कोणाला अस्पृश्य म्हणत नाही, फक्त लिफ्ट वेगळी.

पण चित्रपटाला आम्ही सगळेच गुण देणार नाही. शेवटी शिझुका आणि रिरुरु कालयंत्रातून हजारो वर्षे मागे, त्या शास्त्रज्ञाकडे जातात. त्याने पहिल्या रोबोटांच्या डोक्यात एकमेकांवर मात करण्याची ओढ घातली होती, ती काढून कणव घातली जाते. इतिहासच बदलतो, चालून आलेले सैन्य नाहीसे होते, आणि त्या इतिहासातून आलेली रिरुरुही नाहीशी होते. करुणा मूळ ठरते हे आम्हाला भावले, धम्मात प्रज्ञा आणि शीलाबरोबर करुणा आहेच. मात्र ज्या गुलाम रोबोटांनी समता मिळवली, ते पडद्यावर कुठे आहेत? त्यांचे महाड कुठे, त्यांचा काळाराम कुठे? एका वाक्यात त्यांचा लढा उरकला जातो. बाहेरच्या कोणी यंत्र दुरुस्त केले आणि गुलामगिरी गेली, असे जगात कुठे झालेले आम्ही वाचलेले नाही.

ही उणीव भरून काढणारा जपानी चित्रकार आहे. ॲस्ट्रो बॉय घडवणारे ओसामु तेझुका यांनी 1972 ते 1983 या काळात मुलांच्या मासिकातून बुद्धचरित्र चित्रकथेत रंगवले. त्याच्या पहिल्या भागावर 2011 मध्ये चित्रपट झाला. तो सिद्धार्थाइतकाच चाप्रा या गुलाम मुलाचा आहे. चाप्रा सेनापतीचा जीव वाचवतो, त्याचा मानलेला मुलगा होतो आणि जन्म लपवून वर चढतो. पण त्याची गुलाम आई समोर येते आणि सगळे कोसळते. चाप्रा इतिहासात नाही, तेझुकांनी कल्पनेने उभा केलेला आहे. हिंजवडीत भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव सांगताना अडखळणाऱ्या आमच्या इंजिनिअर पोरांना मात्र तो ओळखीचा वाटेल. जपानी चित्रकारांनी काढलेले रामायण जानेवारी 2025 मध्ये आपल्या थिएटरांत वाजतगाजत लागले. तेझुकांचा बुद्ध त्या ओट्यावरच्या एकाही मुलाने पाहिलेला नव्हता. त्यात हाणामारी आणि रक्त बरेच आहे, तेव्हा अगदी लहानांना तो दाखवू नये.

आणखी एक गोष्ट टोचते. ही मुले डोरेमॉनची वाक्ये फाडफाड हिंदीत म्हणतात. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्र पेटला आणि जूनच्या अखेरीस सरकारला आदेश मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी भारतातच घडणारा शिनचॅनचा चित्रपट आपल्याकडे लागला तो हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत. मराठीत नाही. मोर्चे काढणाऱ्यांपैकी कोणी त्याबद्दल विचारल्याचे आमच्या कानावर आले नाही. पैसा लावणारे म्हणत असतील, मराठी पोराला हिंदी कळते, मग खर्च कशाला? वस्तीतल्या पोराची भाषा ही अशी कोणाच्याच हिशेबात नसते.

आजोबांना आम्ही एवढेच सुचवले की पुढच्या पौर्णिमेला विहारात पडदा लावा. भिंतीवर पांढरी चादर चालेल, प्रोजेक्टर आम्ही आणतो. हिंदी आवाज बंद ठेवायचा आणि त्या मुलीने मराठीत सांगत जायचे. आजोबा आधी "विहारात कार्टून?" म्हणून बिचकले, मग तिला म्हणाले, "बाय, तू सांगशील ना नीट?"

ती म्हणाली, "सांगन. पण आजोबा, एक कळत न्हाय. ते गुलाम सुटले ना, मग सगळ्यांनी आपापलं काम आपापलंच का न्हाय केलं?"

आजोबांनी आमच्याकडे पाहिले. पौर्णिमेला त्यावरच बोलायचे ठरले आहे.